शिखरावरचा वारा आणि पायथ्याचा अंदाज

दिवाळीची सुटी सरून मार्गशीर्षाचा गारठा अंगाला झोंबू लागला, की महाराष्ट्रातील डोंगरवेड्या मंडळींच्या पाठपिशव्या माळ्यावरून खाली उतरतात. एके काळी या मंडळींची धाव राजगड-तोरणा, रतनगड, हरिश्चंद्रगड येथवर असे. आता नाताळच्या सुटीत पुण्या-मुंबईच्या स्थानकांवरून उत्तरेकडे निघणाऱ्या गाड्यांत बर्फातले बूट बांधलेल्या पिशव्या हमखास दिसतात. कोणी केदारकंठ्याला निघालेला असतो, कोणी गोठलेल्या झंस्कार नदीवरून चालावयास, कोणी औली वा गुलमर्गच्या उतारांवर स्कीइंग शिकण्यास, तर कोणी बीर-बिलिंगला छत्रीच्या आधाराने आकाशात तरंगण्यास. त्यांत व्यावसायिक गिर्यारोहक थोडे; शिक्षक, कचेरीतील कारकून आणि महाविद्यालयीन विद्यार्थी अधिक. मध्यमवर्गीय जीवनाच्या चाकोरीतून बाहेर पडून निसर्गाशी चार हात करण्याची ही ओढ स्वागतार्ह आहे, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही.

प्रश्न ओढीचा नाही, तयारीचा आहे. आणि तयारी म्हटली की बूट, कानटोपी, झोपपिशवी, सुका मेवा यांची यादी जितक्या आस्थेने केली जाते, तितक्या आस्थेने हवामानाची चौकशी होत नाही. होते ती एवढीच, की 'तिथे उणे किती आहे?' या प्रश्नाचे उत्तर भ्रमणध्वनीच्या पडद्यावर क्षणात मिळते आणि चौकशी संपते. वस्तुतः ते उत्तर बहुधा पायथ्याच्या गावाचे असते आणि प्रवाशाला जावयाचे असते शिखरावर. त्या दोहोंमध्ये हजार-दोन हजार मीटरांची चढण असते आणि मुख्य म्हणजे वारा असतो. हिवाळ्यातील पर्वतांत माणूस दगावतो तो पुष्कळदा केवळ थंडीने नव्हे; थंडी आणि वारा यांच्या संगनमताने. हे संगनमत सामान्य पर्यटकाला आधी समजेल अशी व्यवस्था आपल्याकडे अजून नीट उभी राहिलेली नाही आणि ती उभी करण्याची निकड आज पूर्वी कधी नव्हती इतकी आहे.

आकडा खरा, पण अपुरा

एक साधा हिशेब करून पाहावा. उत्तरकाशी जिल्ह्यातील सांकरी हे केदारकंठ्याच्या पायथ्याचे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० मीटर उंचीवर आहे. केदारकंठ्याचा माथा सुमारे ३,८०० मीटरांवर. सर्वसाधारणपणे दर हजार मीटर उंचीस हवेचे तापमान साडेसहा अंशांनी उतरते. म्हणजे गावात पारा शून्यावर असेल, तर माथ्यावर तो उणे बाराच्या आसपास असावयाचा. ही झाली पहिली वजाबाकी. आता माथ्यावर तासाला तीस किलोमीटर वेगाचा वारा आहे असे धरले, आणि पर्वतमाथ्यावर असा वारा मुळीच दुर्मिळ नाही, तर उघड्या त्वचेला जाणवणारी थंडी उणे बावीस अंशांइतकी असते. ही दुसरी वजाबाकी. गावातील शून्य अंश ऐकून बांधलेली पिशवी उणे बाविसाला पुरत नाही, हे सांगावयास तज्ज्ञ नको. त्यातही माथ्यावर सूर्योदय पाहण्यासाठी पहाटे तीनला निघण्याची पद्धत रूढ झाली आहे. म्हणजे दिवसातील सर्वांत थंड प्रहर माणसे उघड्या धारेवर काढतात.

दुसऱ्या वजाबाकीमागचे शास्त्र फार जुने नाही. शरीर आपल्याभोवती ऊबदार हवेचा एक पातळ थर बाळगून असते. वारा तो थर सतत पुसून टाकतो आणि शरीराला नवा थर तापवावा लागतो. अंटार्क्टिकावरील अमेरिकन मोहिमेत सायपल आणि पॅसेल या दोघा संशोधकांनी १९४० च्या सुमारास नळकांड्यातील पाणी निरनिराळ्या वाऱ्यांत किती वेळात गोठते हे मोजून या परिणामास प्रथम आकड्यांत बांधले. अमेरिका आणि कॅनडा यांनी २००१ साली त्यात सुधारणा करून आजचे कोष्टक तयार केले. थंड देशांत रेडिओवरून तापमानाच्या जोडीने हा 'जाणवणारा' आकडाही सांगितला जातो. आपला देश उष्ण. म्हणून अशा आकड्याची सवय आपल्या कानांना नाही. परंतु देश उष्ण असला तरी त्याच्या उत्तर सीमेवर जगातील सर्वांत उंच पर्वत उभा आहे आणि तिकडे आता सैनिकांबरोबर सहलीही जातात, याचे भान ठेवलेले बरे.

पायथा आणि माथा यांचे नाते नेहमी इतके सरळही नसते. याचा दाखला घरचाच आहे. महाबळेश्वरी थंडीच्या दिवसांत वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठल्याची बातमी दरसाल येते. तलाव गावापेक्षा सखल भागात असूनही तेथला गारठा गावातील नोंदीपेक्षा कडक असतो. निरभ्र आणि निवांत रात्री जमीन झपाट्याने थंड होते, जड झालेली गार हवा उतारावरून वाहत येऊन खोलगट जागी साचते. हिमालयातील दरीच्या तळाशी ओढ्याकाठी तंबू ठोकणाऱ्यास हीच हवा रात्रभर छळते. चाळीस-पन्नास मीटर वर, आडोशाच्या सपाटीवर तो निवांत झोपला असता. उंच धारेवर वारा आणि खोल दरीत साचलेला गारठा, यांच्यामधली जागा हेरणे हेच मुक्कामाचे शहाणपण होय.

वाऱ्याचे गणित

वाऱ्याबद्दलची दुसरी गैरसमजूत त्याच्या बळाविषयीची आहे. वेग दुप्पट झाला की जोरही दुप्पट होतो असे सामान्यतः वाटते. प्रत्यक्षात जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. चाळीस किलोमीटरच्या वाऱ्यापेक्षा ऐंशी किलोमीटरचा वारा माणसाला चौपट जोराने ढकलतो. ब्रिटिश नौदलातील फ्रान्सिस ब्यूफोर्ट याने १८०५ साली वाऱ्याची जी श्रेणी आखली, तिच्यातील आठव्या पायरीस, म्हणजे तासाला ६२ ते ७४ किलोमीटरला, वाऱ्यासमोर चालणे कष्टाचे होते. ही गोष्ट सपाट भूमीवरची. अरुंद, बर्फाळ धारेवर, पाठीवर पंधरा किलोंचे ओझे घेतलेल्या माणसाची तेथे काय गत होईल, याची कल्पना करावी. शिवाय पर्वत हा वाऱ्याचा वेग वाढविणारा आहे. खिंडीत हवा चेपली जाते आणि वेगाने सुटते. धारेवरून जाताना ती दबून धावते. आणि मधूनच येणारा झोत सरासरीच्या दीडपट असू शकतो. अंदाजात वाचलेला वेग सरासरीचा असतो. माणसाला पाडतो तो झोत.

उंची कमी म्हणून धोका कमी, हाही असाच एक भ्रम. स्कॉटलंडमधील केर्नगॉर्म हे शिखर १,२४५ मीटरांचे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा चारशे मीटरांनी ठेंगणे. पण त्या माथ्यावरील स्वयंचलित केंद्रावर मार्च १९८६ मध्ये तासाला सुमारे २७८ किलोमीटर वेगाचा झोत नोंदला गेला. अमेरिकेतील माउंट वॉशिंग्टनची उंची १,९१७ मीटर. तेथे एप्रिल १९३४ मध्ये तासाला ३७२ किलोमीटर इतका वारा मोजला गेला आणि हा विक्रम पुढे सहा दशकांहून अधिक काळ जगात अबाधित राहिला. शिखराची भीती त्याच्या उंचीवरून नव्हे, तेथील हवेवरून ठरवावयाची असते.

हिमालयात तर हिवाळ्यात एक निराळाच राक्षस माथ्यावर बसलेला असतो. पावसाळ्यात उत्तरेकडे सरकलेला पश्चिमेकडून वाहणारा जेट प्रवाह थंडीत दक्षिणेकडे उतरतो आणि उंच शिखरांना अक्षरशः घासून वाहतो. एव्हरेस्टवर मनुष्याने १९५३ मध्ये पाऊल ठेवले, पण भर हिवाळ्यात ते शिखर सर करण्यास १९८० चा फेब्रुवारी उजाडावा लागला. तो मान पोलंडच्या गिर्यारोहकांनी मिळविला. के-टू शिखर हिवाळ्यात प्रथम चढले गेले ते जानेवारी २०२१ मध्ये, दहा नेपाळी गिर्यारोहकांकडून. वाऱ्याने थोडी उसंत दिली तेव्हाच त्यांनी माथा गाठला. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत त्याच पर्वतावर दुसऱ्या प्रयत्नातील तिघे कसलेले गिर्यारोहक नाहीसे झाले. जगातले उत्तमोत्तम गिर्यारोहक जेथे वाऱ्याची परवानगी मागून पाऊल टाकतात, तेथे चार दिवसांच्या सहलीवर आलेल्या पर्यटकाने वाऱ्याची चौकशीही करू नये, हे नवल होय.

वारा आणखी एक काम नकळत करतो. ताजा बर्फ तो एका उतारावरून उचलतो आणि धारेपलीकडच्या, आडोशाच्या उतारावर नेऊन थापतो. वरून गुळगुळीत, घट्ट दिसणारी ही लादी खालच्या थराशी एकजीव झालेली नसते. तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर एखाद्या स्कीपटूच्या वजनानेही ती सुटते आणि हिमस्खलन होते. अशा अपघातांत सापडलेल्यांपैकी बहुतेकांनी ती घसरण स्वतः वा आपल्याच सोबत्याकरवी सुरू केलेली असते, हे अनेक देशांतील नोंदींवरून सिद्ध झाले आहे. गुलमर्गच्या अफरवात उतारांवर फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन पोलिश स्कीपटू गाडले गेले. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत एक रशियन पर्यटक दगावला. बर्फाखाली दबलेल्या माणसाला वाचविण्याची खरी संधी पहिल्या दहा-पंधरा मिनिटांचीच असते. बाहेरचे मदतपथक तेवढ्यात येऊ शकत नाही. म्हणून येथे औषध एकच, ते म्हणजे आधीचा सावधपणा. हिमपात थांबल्यावर 'बर्फ पडला, वाराही छान होता' असे म्हणून जो उत्साहाने निघतो, त्याने नेमकी सर्वांत घातक वेळ निवडलेली असते.

निवळलेल्या आकाशाची फसगत

हिमालयातील हिवाळी हवेचा सूत्रधार म्हणजे पश्चिमी विक्षोभ. भूमध्य समुद्र आणि कॅस्पियनच्या टापूतून निघून इराण-अफगाणिस्तानमार्गे येणारी ही वातावरणातील खळबळ डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात दर महिन्याला अनेकदा काश्मीर, हिमाचल आणि उत्तराखंडावर येऊन थडकते. तिची चाहूल जाणत्याला आधी लागते. उंच आकाशात पिसासारखे ढग तरळू लागतात, सूर्य-चंद्राला खळे पडते, वायुभार उतरतो, वाऱ्याची दिशा बदलते आणि रात्र अचानक उबदार वाटू लागते. मग हिमवर्षाव होतो. एक-दोन दिवसांनी आकाश स्वच्छ निळे होते आणि तंबूत कोंडून पडलेली मंडळी 'हवा सुधारली' म्हणून माथ्याकडे निघतात.

फसगत होते ती येथेच. विक्षोभ पुढे सरकल्यावर त्याच्या पाठोपाठ वायव्येकडून कोरडी, बोचरी हवा जोराने घुसते. आकाश निरभ्र म्हणून रात्री पारा अधिकच उतरतो. धारेवर वारा सुटतो. ताजा बर्फ उडून आडोशाच्या उतारांवर साचतो. दिसावयास सर्वांत सुंदर असलेला दिवस असण्यास सर्वांत कठीण असू शकतो. याच हवेची शेपटी महाराष्ट्रापर्यंत पोचते. निफाडच्या केंद्रावरील नीचांकी तापमानाची बातमी वाचून नाशिकचा द्राक्षबागाईतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवितो, धूर करतो, पाणी सोडतो. उत्तरेत बर्फ पडला म्हणजे चार दिवसांनी आपल्या घडांवर काय ओढवणार, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. कारण त्याचे वर्षाचे उत्पन्न त्या एका पहाटेवर अवलंबून असते. ज्याचा जीव त्या हवेवर अवलंबून आहे, त्या पर्यटकाजवळ मात्र बागाईतदाराच्या निम्मेही हवामानज्ञान नसावे, ही विसंगती विचार करावयास लावणारी आहे.

छत्रीने उडणाऱ्यांची गोष्ट याहून नाजूक. त्यांच्या साधनाचा हवेतील वेग साधारणतः तासाला पस्तीस-चाळीस किलोमीटर असतो. समोरचा वारा तीसचा झाला की पुढे जाणे जवळजवळ थांबते. त्याहून वाढला की उडणारा मागे, डोंगराच्या पाठीकडे ढकलला जातो आणि तेथे हवेचे भोवरे त्याची वाटच पाहत असतात. कामशेतच्या टेकड्यांवर शिकलेला उमेदवार बिलिंगच्या २,४०० मीटरांवरील कड्यावरून धौलाधारच्या दिशेने निघतो, तेव्हा त्याच्या हवेचे व्याकरणच बदललेले असते, हे त्याला कोणी तरी स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे.

माहिती होती, पोचली नाही

हवामानाच्या अंदाजांवर विश्वास ठेवता येत नाही, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. त्यात तथ्य मुळीच नाही असे नव्हे; पर्वतात हवा दरीगणिक बदलते. तथापि अलीकडील मोठ्या दुर्घटना पाहता असे दिसते, की उणीव ज्ञानाची कमी आणि ज्ञान पोचण्याची अधिक होती. ऑक्टोबर २०१४ मध्ये 'हुदहुद' हे चक्रीवादळ १२ तारखेस विशाखापट्टणमजवळ किनाऱ्यावर आले. त्याच्या आगमनाची वार्ता साऱ्या देशाला आधीच ठाऊक होती आणि लक्षावधी लोकांना वेळीच सुरक्षित स्थळी हलविण्यात आले होते. त्याच वादळाचे अवशेष दोन दिवसांनी नेपाळात पोचले आणि अन्नपूर्णा परिसरातील ५,४१६ मीटर उंचीच्या थोरोंग खिंडीत व आसपास हिमवादळ होऊन निदान ४३ जणांचा बळी गेला. त्यांत अनेक देशांचे पर्यटक होते आणि त्यांचे नेपाळी वाटाडे व हमालही होते. समुद्रकिनाऱ्यावरील कोळ्याला जी सूचना मिळाली, ती खिंडीच्या पायथ्याशी चहा घेत बसलेल्या वाटसरूला मिळाली नाही.

जून २०२४ मध्ये उत्तराखंडातील सहस्रतालच्या वाटेवर कर्नाटकातून आलेल्या बावीस जणांच्या तुकडीला खराब हवेने गाठले आणि नऊ जण गेले. महिना जूनचा होता. चार हजार मीटरांच्या वर मोसमाची नावे बदलतात, थंडी-वाऱ्याचा स्वभाव बदलत नाही. आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये द्रौपदी का दांडा या शिखरावर हिमस्खलनात सापडलेल्या २९ जणांत तर प्रशिक्षणार्थींबरोबर कसलेले प्रशिक्षकही होते. तेव्हा अनुभव हे पूर्ण कवच नव्हे. परंतु अनुभवही नाही आणि माहितीही नाही, अशा अवस्थेत माणसे पाठविणे याला साहस म्हणता येणार नाही.

याबाबतीत आपली परंपरा दरिद्री आहे असेही नाही. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ साली शिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगरातील त्या इमारतीला पुणेकर आजही 'शिमला ऑफिस' म्हणून ओळखतात. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेसाठी आकाशवाणीवरून खास हवामानवार्ता प्रसारित होत असे. म्हणजे सत्तर वर्षांमागे, उपग्रह नसताना, मूठभर गिर्यारोहकांसाठी जे करण्यात आले, ते आज हजारोंसाठी करणे अशक्य कसे म्हणावे? साधने तर कैक पटींनी वाढली आहेत. हिमाचलमधील जोत व मुरारीदेवी, काश्मीरमधील बनिहाल आणि उत्तराखंडातील सुरकंडादेवी येथील डॉप्लर रडार २०२३ च्या जानेवारीत राष्ट्राला अर्पण करण्यात आले. हिमस्खलनाच्या धोक्याची पत्रके संरक्षण संशोधन संघटनेची चंदीगड येथील संस्था काढते. अमरनाथच्या यात्रेकरूंसाठी हवामानाचा स्वतंत्र अंदाज दिला जातो. उणीव आहे ती हे सारे एकत्र करून, एखाद्या वाटेवरून चालणाऱ्याच्या भाषेत, त्याच्या उंचीपुरते सांगण्याची. जिल्ह्याचा अंदाज हा दरीचा आणि शिखराचा मिळून एक सरासरी अंदाज असतो. आणि सरासरी हवेत कोणी चालत नाही.

भ्रमणध्वनीवरील अंदाजांवर भिस्त ठेवणाऱ्यांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. संगणक पृथ्वीचे चौकोन पाडून हिशेब करतो आणि प्रत्येक चौकोनात डोंगर-दरी मिळून एकच उंची गृहीत धरतो. त्याचे 'शिखर' खऱ्या शिखरापेक्षा शेकडो मीटर बुटके असू शकते. म्हणून अंदाज वाचताना तो कोणत्या उंचीचा आहे, हा पहिला प्रश्न विचारला पाहिजे.

स्कॉटलंडने ही वाट किंमत मोजून शोधली. नोव्हेंबर १९७१ मध्ये केर्नगॉर्मच्या पठारावर एडिंबराच्या एका शाळेची सहल हिमवादळात अडकली आणि उघड्यावर पाच विद्यार्थी व एक शिकाऊ मार्गदर्शिका गोठून मरण पावली. त्या आघातानंतर सहलीच्या नेत्यांची पात्रता, हिवाळी प्रशिक्षण, मुलांना कोठवर न्यावे या साऱ्यांचा कसून विचार झाला. आज तेथील पर्वतांसाठी निघणाऱ्या हवामानपत्रकात तापमान नऊशे मीटरांवरचे असते, गोठणबिंदूची उंची दिलेली असते आणि वाऱ्याच्या वेगासमोर 'याचा तुमच्यावर काय परिणाम होईल' असे स्वतंत्र कलमच असते. चालणे अवघड होईल, झोतांनी तोल जाईल, अशा रोकड्या शब्दांत. शास्त्राने सामान्य माणसाशी बोलावे ते असे.

रजेचा कागद आणि डोंगराचे पंचांग

तथापि सारा दोष सरकारी खात्यांच्या माथी मारून मोकळे होणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. उत्तम अंदाज हाती असूनही माणसे पुढे जातात, त्याचे कारण निराळे आहे. शिक्षकाला सुटी ठरलेल्या तारखांनाच मिळते. कारकुनाची रजा महिनाभर आधी मंजूर झालेली असते. परतीचे आरक्षण पक्के असते. सहल काढणाऱ्या संस्थेकडे पैसे भरलेले असतात. हवा मात्र रजेचा कागद पाहून चालत नाही. शिखराचा दिवस पंचांगातल्या मुहूर्तासारखा आधीच ठरलेला आणि त्याच दिवशी वारा सुटलेला, अशा पेचात 'एवढ्या लांब आलो, आता परत कसे जायचे?' हा विचार बलवत्तर ठरतो. नेता कचरतो, कारण मागे फिरविले तर तक्रार होईल. सभासद कचरतात, कारण भित्रा ठरण्याची लाज वाटते. पुढे थंडीने शरीर गारठू लागले की माणूस आधी थरथरतो, मग अडखळतो, मग असंबद्ध बोलू लागतो. शुद्ध हरपण्याच्या पुष्कळ आधी विवेक हरपतो. म्हणून परतण्याचा निर्णय धारेवर नव्हे, आदल्या संध्याकाळी तंबूत घ्यावयाचा असतो.

या निर्णयात ज्यांचा शब्द सर्वांत मोलाचा, त्यांना सर्वांत कमी विचारले जाते. सांकरीचा वाटाड्या, लडाखचा हमाल, खेचरवाला हे आकाश वाचणारे लोक आहेत. परंतु मोसमाच्या तीन महिन्यांवर त्यांचे वर्ष चालते आणि पाहुण्याला 'नको' म्हटले तर उद्या काम मिळेल की नाही, ही धास्ती त्यांच्या मनात असते. ज्या तुकडीत हमालाला पाहुण्याइतके गरम कपडे नाहीत आणि नकार देण्याचा अधिकार नाही, त्या तुकडीची सुरक्षितता कागदोपत्रीच होय.

'नियमांचा इतका बडिवार माजविला तर साहस उरेल कोठे?' असा प्रश्न काही जुने गिर्यारोहक विचारतात. त्यांची कळकळ समजण्यासारखी आहे. डोंगराला कुंपण घालणे कोणालाच आवडणार नाही. पण ज्ञात धोका पत्करणे आणि अज्ञानात धोक्यात पडणे यांत अंतर आहे. पहिल्याला साहस म्हणतात, दुसऱ्याला अपघात. येथे मागणी बंदीची नसून माहितीची आहे. शिवाय जुन्या अनुभवावर पूर्ण विसंबण्याचे दिवसही आता राहिलेले नाहीत. २०२३ मध्ये औलीतील आंतरराष्ट्रीय स्कीस्पर्धा बर्फाअभावी रद्द करावी लागली. २०२५ मध्ये गुलमर्गच्या हिवाळी क्रीडास्पर्धा त्याच कारणाने पुढे ढकलल्या गेल्या. ऋतूच आपले वेळापत्रक मोडू लागले असता 'डिसेंबरात तेथे नेहमी असेच असते' हे वाक्य धोक्याचे आहे.

काय व्हावे?

करावयाच्या गोष्टी अवाढव्य खर्चाच्या नाहीत. नोव्हेंबर ते मार्च या काळात हिमालयातील प्रमुख वाटांसाठी हवामान खात्याने दररोज एक छोटे पत्रक काढावे. त्यात तीन हजार, चार हजार, पाच हजार मीटरांवरचे तापमान, वाऱ्याचा वेग व झोत, त्यामुळे जाणवणारी थंडी, गोठणबिंदूची उंची आणि हिमस्खलनाच्या धोक्याची पायरी एवढ्या गोष्टी असाव्यात. आणि ते इंग्रजी-हिंदीबरोबर मराठी, बंगाली, कन्नड या भाषांतही निघावे, कारण हिवाळी वाटांवर चालणारी पावले याच प्रांतांतून मोठ्या संख्येने येतात. पायथ्याच्या शेवटच्या गावात ते फळ्यावर लिहिले जावे, कारण त्यापुढे भ्रमणध्वनीची मात्रा चालत नाही.

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण जाहीर करून संस्थांच्या नोंदणीचा मार्ग आखला. त्याच मार्गाने एक पाऊल पुढे टाकून प्रत्येक हिवाळी सहलीत एक राखीव दिवस, परतण्याची ठरलेली वेळ आणि हवेमुळे शिखर हुकल्यास पैशांबाबतचे न्याय्य कलम या गोष्टी सक्तीच्या कराव्यात. गिर्यारोहण संस्थांनी दोर आणि गाठींच्या बरोबरीने हवामानाचा पाठ अभ्यासक्रमात घ्यावा. आणि मागे फिरलेल्या तुकडीचा सत्कार शिखर गाठलेल्या तुकडीइतक्याच जाहीरपणे करावा. तरुण मनावर दहा सूचनांपेक्षा अशा एका सत्काराचा परिणाम अधिक होईल.

आणि सर्वांत मूलभूत काम शाळेतले आहे. समभार रेषांचा नकाशा आपल्या भूगोलाच्या पुस्तकात आहे. परीक्षेत त्यावर प्रश्न येतो, गुण मिळतात आणि नकाशा मिटतो. शाळेच्या गच्चीवर एक तापमापक, एक वायुभारमापक आणि एक वातकुक्कुट बसवून विद्यार्थ्यांनी रोज नोंद ठेवली, विक्षोभ आला म्हणजे पुढील चार दिवसांत आपल्या गावच्या पाऱ्याचे काय होते हे ताडून पाहिले, तर पुस्तकातील रेषांना जीव येईल. ज्या मुलाने आपल्या गच्चीवर वारा मोजला आहे, तो मोठेपणी खिंडीत उभा राहिल्यावर वाऱ्याला विचारल्यावाचून पाऊल टाकणार नाही.

डोंगर कोणाचा वैरी नाही आणि कोणाचा सोयराही नाही. तो आपल्या नियमांनी वागतो आणि ते नियम लपवून ठेवत नाही. ढगांत, वाऱ्यात, बर्फाच्या थरांत ते लिहिलेले असतात. शिखर पुढच्या वर्षीही तेथेच असते. तेथे जाणारा घरी परतावा, यासाठी ते लेखन वाचण्याची विद्या घरोघरी पोचविणे, हे शासन, संस्था आणि शाळा या तिघांचेही कर्तव्य आहे. यंदाच्या नाताळच्या गाड्या सुटण्यापूर्वी त्या कर्तव्याचा आरंभ व्हावयास हवा.